तिच्या हाताचा नसलेला पाव

व्हर्ना अल्बर्टात चारशे माणसांना जेवू घालते.
तेलाच्या खाणीवरची छावणी, पहाटे तीनला
बादलीभर अंडी फोडायची.
वीस दिवस तिकडे, आठ दिवस इकडे,
मधे तीन विमानं, धुकं असलं तर एक रात्र बाकावर.

मागच्या खेपेला निघताना म्हणाली,
येईन तेव्हा घरात काहीतरी केलेलं असू दे.
काय करू?
काहीही. माझ्या हाताचं नको.

मी खेकड्यांच्या बोटीवरचा माणूस.
मला अकरा प्रकारच्या गाठी येतात.
खारं मांस, गाजर, सलगम, कोबी
एका पातेल्यात घालून झाकण ठेवता येतं,
आणि मग खिडकीतून समुद्राकडे बघत बसता येतं.
वीस दिवस आम्ही त्यावरच काढतो.
पण न्यूफाउंडलंडात ज्या घरात पाव नाही
त्या घरात कोणी राहत नाही असं धरून चालतात.

शेजारच्या फिलोमिना कीओला विचारलं, पीठ किती?
घेईल तितकं.
पाणी?
मागेल तितकं.
आणि फुगायला किती वेळ लागतो?
का रे लिअँडर, कुठे जायचंय तुला?
मग माझ्या कानाची पाळी चिमटीत धरून म्हणाली,
एवढं मऊ लागलं की थांब.
संध्याकाळभर मी एक हात पिठात
आणि एक हात कानाला लावून उभा.
डल्सी हसून हसून जमिनीवर लोळली.

पीठ माझ्या जुन्या कोटात गुंडाळून
चुलीशेजारी ठेवलं, तान्ह्या मुलासारखं.
रात्री मांजर त्यावर जाऊन झोपलं.
सकाळी पिठाला मधोमध खळगा
आणि मांजराच्या चेहऱ्यावर
काहीच न घडल्याचा भाव.

एका साच्यात तीन गोळे, ही इथली रीत.
पिता, पुत्र, पवित्र आत्मा.
गार्लंड सहा वर्षांचा, त्याला सगळं नीट हवं असतं.
आत्मा कुठला? मधला?
मधला, मी ठोकून दिलं.
उरलेलं पीठ डुकराच्या चरबीत तळलं,
वर काकवी ओतली,
दोघांनी बोटंही सोडली नाहीत.
मला वाटलं, इथेच थांबावं.
एवढंच आपल्याला जमतं, आणि हे वाईट नाही.

पाव भट्टीतून निघाला तेव्हा
पिता काळा, पुत्र बरा,
आणि आत्मा मधोमध खाली बसलेला.
गार्लंड बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, दमला असेल.

धुकं होतंच. पाचला येणारी व्हर्ना
साडेअकराला आली. मुलं झोपलेली.
पाव थंड, फडक्याखाली.
कोट न काढता, उभ्यानेच,
तिनं जळकी कड तोडून तोंडात टाकली.
मी समोर उभा, हात पाठीमागे,
छावणीत नवा पोऱ्या उभा राहत असेल तसा.

बराच वेळ चावत होती.
मीठ विसरलास.
फिलोमिना मिठाचं काही बोलली नाही.
तू विचारलंस?
नाही.

तिनं लोणी ओढलं, खारं, आणि मिठाची बरणीही.
सुरी घेऊन दुसरा तुकडा कापला,
मधला, बसका, आतून जरा ओला,
माझ्या तळहाताएवढा जाड.
मग खुर्ची सरकवली,
कोट अंगावरच, बूट मात्र काढले,
आणि एक पाय दुसऱ्या पायावर चोळत बसली.

मी अजून उभाच.
बस ना, ती म्हणाली, तोंड भरलेलं.
आज मी कोणाला वाढत नाहीये.
मी बसलो.
मांजर आलं, माझा कोट हुंगला,
आणि काही सापडलं नाही म्हणून
तिच्या मांडीवर चढलं.